चार घोट आणि एक होकार

तल्लसेले,
मार्च. बर्फ अजून खिडकीच्या चौकटीपर्यंत.

आदरणीय हिल्डिंगमामा,

तुम्हाला आणि स्वेआमामींना मनापासून नमस्कार. डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले असेल आणि किनाऱ्याकडची दमट हवा तुमच्या गुडघ्यांना फारशी बोचत नसेल, अशी आशा आहे. पट्टी निघाली असेल तर हे पत्र तुम्ही स्वतः वाचावे. मामी वाचून दाखवत असतील तर त्यांनी कंसातला मजकूर गाळावा (मामी, तुम्ही मात्र मनात वाचा). तुमचे मांजर दोन्ही वेळा जेवते. छपरावरचे बर्फ मी खाली ओढले. तुमची स्नोमोबाइलही व्यवस्थित आहे. तिच्याविषयी पुढे लिहितोच.

सर्वप्रथम तुमच्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानतो. क्लचमधले कळणारा माणूस आपल्या सबंध खोऱ्यात एकच, हे तुम्ही आजवर सर्वांना सांगत आला आहात, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता. इंजिनाचा वेग वाढला की क्लचमधली छोटी वजने बाहेर फेकली जातात, बेल्टला चिमटीत धरतात आणि बेल्ट गाडीला पुढे ढकलणारा खालचा दातेरी ट्रॅक फिरवतो, इतके मलाही ठाऊक आहे. पण खोल, भुसभुशीत बर्फासाठी ती वजने जड हवीत की हलकी, हे शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने मनाने ठरवू नये, म्हणून तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला रीतसर विचारले. तुम्ही दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी पीत होतात. मी प्रत्येक प्रश्न स्वच्छ आणि सावकाश विचारला. “मामा, क्लचमध्ये जड वजनं घालू ना?” तुम्ही म्हणालात, श्शुप. “स्प्रिंगही कडक टाकू?” श्शुप. “ट्रॅक ढिला सोडू?” श्शुप. “आणि ट्रॅकचं पुढचं टोक आवरून धरणारा पट्टा, तोही ढिला?” यावर तुम्ही इतका लांब श्शुप केलात की मला ती शाबासकी वाटली.

आता आपल्या गावात ‘हो’ म्हणायला कोणी तोंड उघडत नाही (थंडी आत शिरते, आणि एकदा तोंड उघडले की पुढचेही बोलावे लागते). श्वास आत ओढला की होकार झाला. पाळकसाहेबांसमोर लग्नेसुद्धा याच आवाजावर लागली आहेत, तुमचेही. तेव्हा मी तुमची गाडी घरी नेऊन चारही कामे तुमच्या होकाराप्रमाणे चोख केली, यात माझे काय चुकले ते कळवावे. मामींनी परवा फोनवर खुलासा केला, “अरे अल्वार, बशी तोंडाला लागली की यांना चर्चची घंटासुद्धा ऐकू येत नाही. तो होकार कसला, कॉफी होती ती!” म्हणजे चार होकार समजून मी जे जपून घरी नेले, ते चार घोट होते. तुमच्या घोटांचाही मी तितकाच आदर करतो.

रविवारी तीराला घेऊन डोंगरावर गेलो. (दुकानात टपालाची खिडकी सांभाळते तीच. उत्तरेकडच्या खाणीच्या गावात तिला नोकरी चालून आली आहे आणि हा आठवडा संपायच्या आत तिला उत्तर कळवायचे आहे. ते उत्तर जाण्याआधी, वरच्या झोपडीपाशी, जिथून दोन्ही तळी दिसतात तिथे उभे राहून, मी तिला एक गोष्ट विचारणार होतो. वाक्य पाठ केले होते.) जंगलातल्या दाबलेल्या वाटेवर गाडी अगदी सभ्यपणे वागली. मग वाट सोडून उताराच्या मऊ बर्फात शिरलो आणि तुमचे मार्गदर्शन कामाला लागले. कडक स्प्रिंगमुळे क्लच बराच वेळ विचार करत बसला, इंजिन बोंबलत राहिले, आणि मग एकाएकी असा झटका बसला की ट्रॅकने पुढे जायचे सोडून विहीर खणायला घेतली. इंजिनाला जरा श्वास घ्यावासा वाटला तर जड वजनांनी त्याचा गळा धरला. पुढचा पट्टा ढिला, त्यामुळे पुढच्या दोन्ही स्की आकाशात, आणि गाडी बिस्किटासाठी मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या कुत्र्यासारखी. ढिला ट्रॅक दाते सोडत असा खडखडत होता की पत्र्याच्या डब्यात कोणी हाडे हलवते आहे असे वाटावे. शेवटी जळक्या रबराचा वास आला. तो बेल्ट होता (तुम्ही कपाटात कापडात गुंडाळून जपलेला, नवा. चांगला होता).

तीराने तिच्या वडिलांच्या जुनाट, मंद गाडीवरून माझ्याभोवती एक आरामशीर फेरी मारली.

“आपल्याला वर जायचं होतं ना? तुझी गाडी तर पाताळाला निघाली.”

“मामांच्या सल्ल्याने ट्यून केलीय,” मी म्हणालो.

“मग मामांनाच बोलाव खणायला.”

ती उतरली आणि कमरेपर्यंत बुडाली. मी छातीपर्यंत होतोच. झोपडी आता आपल्या नशिबात नाही, हे मला दिसत होते. म्हणून पाठ केलेल्या वाक्यातला तळ्यांचा भाग गाळून मी तिथेच विचारले, “तीरा, माझ्याशी लग्न करशील?” आणि बरोबर त्याच क्षणी वरच्या स्प्रूसच्या झाडाच्या फांदीने आपला सगळा बर्फ तिच्या कॉलरमध्ये ओतला.

श्शुप, असे तिने केले. नंतर म्हणाली, “फावडं दे.”

तर मामा, तो होकार होता की मानेतला बर्फ? ज्या बाईने ‘हो’ म्हटले आहे तिला पुन्हा विचारणे म्हणजे तिच्या शब्दावर संशय घेणे (शब्द नव्हता, पण तेच). आणि जिने ‘हो’ म्हटलेलेच नाही तिला गृहीत धरून तिच्या आईकडे लग्न ठरल्याचा केक घेऊन जाणे त्याहून वाईट. गप्प राहावे तर ती खाणीच्या गावाला जाते. तुमच्या कॉफीने मला गाडी बुडवायला शिकवले, एवढ्यावर मी भागवून घेतले असते. पण आता माझा श्वासावरचाच विश्वास उडाला आहे. कोणी थकून सुस्कारा टाकला तरी मी विचारतो, म्हणजे काय?

डोळ्यात औषध वेळेवर घालावे. मामींना तुमच्यापेक्षा थोडा जास्त नमस्कार.

तुमचा भाचा (ऐकल्याप्रमाणे वागणारा),
अल्वार

ता. क. गाडी व्यवस्थित आहे असे वर लिहिले आहे, ते खरे आहे. ती डोंगरावरच व्यवस्थित आहे. वरची काच तेवढी दिसते, तिच्यावर एक डोमकावळा बसतो. त्याला जागा आवडलेली दिसते.

ता. क. २. पत्राचे खरे कारण असे, की मामींनी तीराला फोन करून सहज विचारल्यासारखे विचारावे आणि उत्तर शब्दांतच घ्यावे. मामा, तुम्ही फोन करू नये. तुम्ही आणि ती नुसते श्वास घेत बसाल आणि मी इकडे म्हातारा होईन.

ता. क. ३. पाकीट पुन्हा उघडून टपालाच्या खिडकीशी उभ्याने लिहितो आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी. तीरा कॉफीची बशी हातात धरून बसली होती. पाकीट तिने उलटसुलट केले आणि विचारले, “मामांना फोन का नाही करत?” मी म्हणालो, काही गोष्टी लेखी बऱ्या. ती म्हणाली, “डोंगरावर तू मला एक विचारलंस, आणि त्यानंतर मला बघितलं की रस्ता बदलतोस. मी खाणवाल्यांना कळवू तरी काय?” तेव्हा मी पुन्हा विचारले. या वेळी सगळे वाक्य, तळ्यांसकट.

श्शुप.

दुकानाची बाहेरची खिडकी बंद होती. बर्फ कुठे नव्हता. पण बशी हातात होती ना, मामा! मी वाकून पाहिले. रिकामी. बोट फिरवून पाहिले. कोरडी.

“आता चाटूनही बघ,” ती म्हणाली.