ताप नाही, खोकला नाही

२ एप्रिल २०२०, गुरुवार

जिल्ह्याचा कागद आज हातात पडला. आता बाजारातल्या खांबावरच्या कर्ण्यांतून गाणी नाहीत, हरवलेल्या शेळ्यांची दवंडीसुद्धा दुपारनंतर! सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला हाच कागद वाचायचा. "घरी राहा. हात धुवा. दवाखान्यात विनाकारण गर्दी करू नका." गावचे अध्यक्ष कातेन्दे स्वतः घेऊन आले आणि दारातूनच माझ्या अंगावर फेकला. वर बजावलं, "नाब्बोसाबाई, शब्द इकडचा तिकडे करू नका." वीस वर्षं या खांबावरून बोलतेय. बुकाम्बा गावातली सगळी लग्नं-मयतं माझ्या तोंडून गेलीत. म्हणे शब्द इकडचा तिकडे करू नका!

गाड्या बंद. मोटरसायकलवर माणूस बसवायचा नाही. आमच्या सेम्पालांचं सायकलदुरुस्तीचं दुकानही बंद. म्हणजे हे दिवसभर घरात! रोगानं नाही मेले तर या माणसाच्या शिट्टीनं मरेन.

६ एप्रिल

लोकांच्या तोंडचं पाणी पळालंय. दिवसभर खांबाखाली कुणी ना कुणी उभं. "धडधडतंय—हाच का तो रोग?" "बोट सुजलं—हाच का?" दवाखान्यात मेलं की पांढऱ्या झग्यातली माणसं येतात, परस्पर पुरतात, आपल्या केळीच्या बागेत नाही, बापाच्या शेजारी नाही—ही भीती तर मरणाहून मोठी. मलाही आहे.

म्हणून आज कागद वाचून झाल्यावर शेवटी माझं एक वाक्य जोडलं. "ताप नाही, खोकला नाही—मग काळजी नाही, घरीच बरं!" कसं ठसक्यात बसलं! संध्याकाळपर्यंत पोरी दोरीवरच्या उड्यांत म्हणायला लागल्या. कातेन्देंना कळलंच नाही. त्यांना वाटतं, तेही जिल्ह्याचंच.

१२ एप्रिल, ईस्टर

चर्च बंद. तरी कोंबडी कापली, शेंगदाण्याचा रस्सा केला. यांनी निम्मं ताट तसंच ठेवलं. दात दुखतो म्हणे. पेरूचा पाला चावायला दिला. आधी दुपारभर झऱ्यावरून पाणी वाहिलं, मग दातानं डोकं वर काढलं. सणासुदीला यांचं काहीतरी असतंच.

१९ एप्रिल

वासाज्जामास्तर आले होते. शाळेत मला पाढे शिकवले त्यांनी. खांबापासून दहा पावलांवर काठी टेकून उभे. "नाब्बोसा, छातीवर कुणी मक्याचं पोतं ठेवल्यासारखं होतं. गेले तीन दिवस. मोठ्या दवाखान्यात जावं काय?"

ताप? नाही. खोकला? नाही. मी हसले, माइक हातातच होता, त्यातूनच म्हटलं—"मग काळजी नाही, घरीच बरं!" सगळा बाजार हसला. मास्तरही हसले. "तू म्हणतेस म्हणजे खरं असणार. तुझा आवाज सरकारी आहे."

२२ एप्रिल

त्यांच्या मुलीनं चिठ्ठी आणली. "मास्तर वासाज्जा. आज पहाटे. अचानक."

वाचली. आवाज फाटला नाही. वीस वर्षांची सवय!

२३ एप्रिल

काहीही खाल्लं नाही.

२७ एप्रिल

मयताच्या चिठ्ठ्या मी भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवते. आज काढून पाहिल्या. कागद आल्यापासून नऊ. त्यातल्या सहांवर "अचानक". साथीचा रोग एकावरही नाही. एकावरही नाही! मग हे लोक मेले कशानं? मनात पाल चुकचुकली, आणि आता ती जात नाही.

ते वाक्य बंद केलं. नुसतं बंद केलं, मागे घेतलं नाही. मागे घ्यायचं तर सांगावं लागेल की ते माझं होतं. गाव म्हणेल, मास्तरांना हिनं मारलं. आणि पोरी अजून दोरीवर तेच म्हणतायत.

३० एप्रिल

माझ्याच छातीत टोचतंय. डाव्या बाजूला. आडवी झाले की जास्त. बोटांना मुंग्या. यांना सांगितलेलं नाही. आज मास्तरांच्या घरावरून गेले तेव्हा एवढं धडधडलं की कुंपण धरून उभी राहिले. माझंही अचानकच होणार. चिठ्ठी कोण वाचेल माझी? हे वाचतील? यांना तर माइक उलटा धरायची सवय!

४ मे

यांची नवी तऱ्हा. झऱ्यावरून पाण्याचे दोन डबे आणताना तीनदा बसतात. म्हणे चढावर दात ठणकतो, बसलं की थांबतो.

म्हटलं, "तुमचा दातसुद्धा तुमच्यासारखाच! काम दिसलं की दुखतो!"

"हो ना. आणि बायको दिसली की जास्त."

"अहो, दाखवा कुणाला तरी."

तर माझाच आवाज काढून, मान वाकडी करून—"ताप नाही, खोकला नाही—मग काळजी नाही, घरीच बरं!" एरवी हसले असते. आज आत जाऊन रडले. यांना वाटलं, कांद्यानं.

११ मे

कागद वाचता वाचता थांबले. "दवाखान्यात विनाकारण—" आणि श्वासच येईना. सगळ्या बाजारानं कर्ण्यांतून माझी धाप ऐकली. हे धावत माझ्या माइकच्या खोलीकडे आले, दारात जबडा धरून उभे. मी घाबरलेली, हे माझ्याहून घाबरलेले. मग माइक बंद करून सगळं सांगितलं यांना. छाती, मुंग्या, खिळ्यावरच्या चिठ्ठ्या, मास्तर. हे म्हणाले, "उद्या अध्यक्षांकडून मोठ्या दवाखान्यात जायच्या परवानगीची चिठ्ठी आणतो. मी नेतो तुला."

"तिथेच मेले तर? पांढऱ्या झग्यातले पुरतील मला."

"मी मध्ये आडवा पडेन. दोन जणांना एकदम पुरावं लागेल त्यांना!" असलं बोलतात. पण हात घट्ट धरून ठेवला होता.

१३ मे

कातेन्दे दोन दिवस चिठ्ठी देईनात. "तुम्हीच सांगता घरी राहा, आणि तुम्हीच निघालात? लोक काय म्हणतील?" शेवटी दिली. उद्या पहाटे निघायचं. मी साडेतीन वार कोरी चादर कफनाला म्हणून पिशवीत घेतली आहे. यांना दाखवली नाही. जीव मुठीत धरून लिहितेय.

१४ मे

आले! जिवंत! सगळं लिहिते.

अकरा मैल. मी कॅरियरवर, हे सायकल ढकलत. पावसानं लाल माती नुसती घसरत होती. प्रत्येक चढावर हे थांबले. मी मागे बसून देवाचं नाव घेत होते आणि माझी छाती चाचपत होते. नाक्यावर पोलिसानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली, सोडलं.

दवाखान्याच्या फाटकावर फळी—"आजारी असाल तरच आत या." राखणदार म्हणाला, आजारी कोण? हे म्हणाले, ही. मग हे बाहेर फणसाखाली बसले.

मला वाटलं होतं, आत पाय ठेवायला जागा नसेल. अर्ध्या खाटा रिकाम्या! डॉक्टरीणबाई तरुण, तोंड झाकलेलं, डोळे दमलेले. छातीवर वायरी लावल्या, यंत्रातून कागद निघाला. विचारत होत्या: चढावर दुखतं का? छाती, हात, जबडा, दात? बसलं की थांबतं का? मी म्हटलं, नाही, नाही, नाही. आडवी झाले की टोचतं, विचार केला की टोचतं. म्हणाल्या, "आजी, तुमचं काळीज ठणठणीत आहे. पित्त आहे, आणि भीती आहे." आजी! त्रेपन्न वर्षांची आहे मी! पण जीव भांड्यात पडला. रडले, हसले, त्यांचा हात धरायला गेले तर मागे सरकल्या.

मग त्या म्हणाल्या, "बरं केलंत आलात. छातीचे पेशंट यायचेच बंद झालेत. पूर्वी आठवड्याला पाच-सहा यायचे. जातात कुठे, कळत नाही."

मला कळत होतं. माझ्या खिळ्यावर. गोळ्यांची पुडी पिशवीत टाकली आणि उठले.

बाहेर आले तर हे फणसाला टेकून, हात गालावर. ओरडूनच सांगितलं, "ठणठणीत!" यांचे डोळे भरले. म्हटलं, आलोच आहोत तर तुमचा दात दाखवू. राखणदाराला विचारलं. दातांचं बंद आहे, म्हणाला, साथ संपल्यावर या. चला, निघालो.

येताना मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, तुम्ही बसा कॅरियरवर, मी ढकलते. तर म्हणे, "बायकोनं ढकललेला नवरा बुकाम्बात शिरला तर उद्या तूच कर्ण्यांतून सांगशील!" पुन्हा मलाच बसवलं. अकरा मैल गात आले मी.

१६ मे

पित्ताच्या गोळ्यांनी टोचणं गेलं. उकडलेलं केळं दोनदा मागून खाल्लं. ते वाक्य उद्या मागे घेईन. उद्या नक्की. आज सगळे एवढे आनंदात आहेत, मला बघायला येतायत.

१८ मे, सोमवार

चिठ्ठी लिहिली. "सेम्पाला, सायकलवाले. काल दुपारी, झऱ्याच्या चढावर. अचानक." दोन्ही डबे शेजारी सरळ उभे होते, पाणी सांडलेलं नव्हतं. खाली ठेवून बसले असतील नेहमीसारखे.

"अचानक" खोडलं. महिनाभर दुखत होतं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलंही होतं—जबडा, दात, चढावर. मी नाही म्हटलं. हे तीस पावलांवर फणसाखाली बसले होते.

सकाळी सहाला चिठ्ठी वाचली, मग कर्ण्यांतूनच सांगितलं. ते वाक्य जिल्ह्याचं नव्हतं, माझं होतं. चुकीचं होतं. मास्तरांना मी थांबवलं, माझ्या माणसाला मी हसले. चढावर ज्याची छाती, हात, जबडा, दात दुखतो आणि बसलं की थांबतो, त्यानं आज निघावं, चिठ्ठी असो नसो. खाटा रिकाम्या आहेत.

कातेन्दे धावत आले. वाटलं, कर्णे बंद करणार. दारातच खाली बसले. म्हणाले, "बाई, माझा डावा हात—"