कोरियाचं सामान कमळाकरच्या घरी

सोमवार, ३ जुलै १९५०
निश्चय झाला. कोरियाला जाणार. वॉर करस्पॉण्डंट म्हणून.

काल कल्याणला साप्ताहिकाचे संपादक जयदेवराव यांना भेटलो. (स्टेशनवरच्या बाकांबद्दलचं माझं पत्र त्यांनीच छापलं होतं. निम्मं.) विचारलं, लढाई पेटून आठवडा झाला, आपल्या पत्राचा माणूस तिकडे नको का? ते प्रूफ तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "जा की. मी कुठं अडवलंय?" म्हणजे नेमणूक झालीच. मोठी माणसं मोजकंच बोलतात.

माझ्यासारख्यानं अंबरनाथला कारखान्याच्या स्टोअर्समध्ये स्क्रू मोजत बसणं हा देशाचाच तोटा आहे.

संध्याकाळी उमाला सांगितलं. ती वाल सोलत होती. कोरिया पनवेलच्या बाजूला का, असं तिनं विचारलं. थट्टा असावी. मग म्हणाली, जायचं तर जा, पण आधी मोतीबाईला सांगून ठेवा. मोतीबाई म्हणजे गावातली सुईण. उमाला नववा लागलाय आणि तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही इथंच. निरोपाचं काम किरकोळ आहे. उद्या करतो.

गुरुवार, ६ जुलै
सिंधी निर्वासितांच्या कॅम्प नंबर तीनला जाऊन किट घेतलं. लष्कर गेलं, पण लष्कराचं सामान अजून तिथल्या दुकानांत मिळतं. टेकचंद नावाच्या सिंधी दुकानदाराकडून पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी, रबरी चादर, होकायंत्र आणि हेल्मेट घेतलं. हेल्मेट कानांवर उतरतं. मी म्हटलं, डोकं अजून वाढायचंय. तो हसला नाही.

लढाईवर निघाल्याचं सांगून त्याला माझी यादी वाचून दाखवली. त्यानं आधी पापड आणि पाणी पुढं केलं. मग म्हणाला, "हम सिंध से निकले तब लिस्ट बनाने का टाइम नहीं मिला, साईं." बिचारा. नियोजनाचा अभाव, दुसरं काय.

हेल्मेटच्या आत रंगानं माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. यदाकदाचित.

मोतीबाई : परत येताना अंधारून आलं. उद्या.

शनिवार, ८ जुलै
काल कॉलऱ्याची लस टोचून घेतली. सैनिकासारखी. उफ् नाही केलं. डॉक्टर म्हणाले, अहो, अजून सुई लावलीच नाही, डोळे उघडा.

आज दंड सुजलाय. कणकण. कामावर गेलो नाही. उमानं दिवसभर मीठ-पाण्यानं शेकलं. तिच्या पायांना सूज आहे असं ती म्हणाली. मी म्हटलं, कोरियात याहून वाईट असेल. 

रविवार, ९ जुलै
ट्रेनिंग सुरू. फ्रंटवर चहा मिळेलच असं नाही, म्हणून आजपासून चहा बंद. कायमचा.

सकाळी साडेआठला गल्लीपलीकडे कमळाकरकडे दोन कप घेतले. परक्या मुलखात स्थानिक लोकांकडून चहा मिळवणं हेही एक कौशल्यच आहे.

दुपारी अंगणात पोटावर सरपटण्याचा सराव केला. बकुळाआत्या (माझी आत्या, आमच्याकडेच असते) ओट्यावरून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, दिना, काय हरवलंय ते सांग, मी पण शोधते.

शुक्रवार, १४ जुलै
पासपोर्टसाठी संपादकांचं पत्र लागतं. जयदेवराव म्हणाले, पत्र देऊ, आधी कॅम्पातल्या नळावरच्या भांडणांची बातमी आणून दाखवा. चाचणी असणार.

आज गेलो. पूर्ण किटमध्ये. नळाला पाणी यायची वेळ. बायांची ही रांग. मी वही काढून पहिलीलाच विचारलं की भांडण केव्हा सुरू होईल. तेव्हाच सुरू झालं. नळ तोडायला सरकारी माणूस आलाय अशी हूल उठली. मला सगळं समजलं नाही, कारण बोलणं सिंधीत होतं, पण हंडा कुठल्याही भाषेत हंडाच असतो. व्यवस्थित माघार घेतली. एक पिंप आडोशाला उपयोगी पडलं.

हेल्मेट राहिलं. एका बाईचं एक भांडं कमी होतं, तिनं हेल्मेटमध्येच पाणी भरून नेलं. पिंपामागून मी हाक मारली, पण पोचली नसावी.

बातमी लिहिली नाही. वही ओली झाली. पण अनुभव अस्सल.

मोतीबाईचं घर येतानाच लागतं. डोक्यावर हेल्मेट नाही, कोपराला खरचटलेलं, अशा अवस्थेत बाईमाणसाच्या दारात जाणं बरं दिसलं नसतं.

रविवार, १६ जुलै
अधिक महिना संपला. आत्यानं पंचांग काढलं. म्हणाली, येत्या गुरुवारी सकाळी प्रवासाला मुहूर्त चांगला आहे, पुढं बरेच दिवस नाही. मी म्हटलं, पासपोर्ट आलेला नाही. (अर्ज केला की येईलच.) आत्या म्हणाली, मग प्रस्थान ठेव.

मी प्रस्थान विसरलोच होतो. मुहूर्तावर निघता येत नसेल तर सामान हद्दीबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. मग माणूस घरात जेवत बसला तरी शास्त्रानं तो निघालेलाच. फक्त एक पथ्य. प्रवास पुरा झाल्याशिवाय ते सामान उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं तर निघालेल्याला विघ्न.

आपले पूर्वज किती मॉडर्न होते. कमळाकर हो म्हणाला. त्याची बायको वृंदावहिनी म्हणाली, ठेवा, पण कॉटखाली मावेल एवढंच.

बुधवार, १९ जुलै
पॅकिंग. बाजारात जायला वेळ नव्हता, म्हणून घरातलंच घेतलं. टॉर्च. लहान स्टो. कात्री. कापूस. एरंडेल. बँडेजसाठी जुनी मऊ धोतरं हवी होती, तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात धुऊन, घडी घालून ठेवलेली आयतीच सापडली. रेशनचाही प्रश्न सुटला. फडताळात डिंकाच्या लाडवांचा अख्खा डबा निघाला. टिकाऊ, पौष्टिक. घरात कोण कशासाठी काय करून ठेवतं याचा पत्ताच नसतो.

गुरुवार, २० जुलै
प्रस्थान झालं. आत्यानं हातावर दही घातलं. सुपारी, अक्षता पिशवीत. गल्ली ओलांडून सामान कमळाकरच्या कॉटखाली. कारखान्यातल्या मधूनं हार आणला होता. तो गळ्यात घालून मी घरी परत आलो आणि भाकरी-पिठलं जेवलो. मन भरून आलं होतं.

शुक्रवार, २१ जुलै
कामावर गेलो. हेडक्लार्कनं विचारलं, केव्हा आलात?

रविवार, २३ जुलै
उमाला कपाटाचा खालचा कप्पा रिकामा दिसला. मग फडताळ बघितलं. मग मोरीपाशी बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. धोतरं म्हणे बाळाची दुपटी होती. लाडू बाळंतिणीचे. आत्यानं चैत्रापासून डिंक जमवला होता.

मी तडक आणायला निघालो. आत्या उंबऱ्यात आडवी झाली. प्रस्थान मोडायचं नाही. माझं भलंबुरं झालं तर? उमाही म्हणाली, राहू दे. आवाज मात्र राहू दे असा नव्हता.

रोज कमळाकरकडे जाऊन सामानाची तपासणी करायची असं ठरवलं. डब्यातला एक लाडू तपासला. उत्तम स्थितीत.

बुधवार, २६ जुलै
तपासणी. लाडू कमी वाटतात. कमळाकरवर संशय घ्यायला मन धजत नाही, पण माणसाचा भरवसा काय.

शुक्रवार, २८ जुलै
आज उमा जेवताना मध्येच थांबली आणि ओठ घट्ट मिटून बसली. कळ होती. गेली. माझ्या हातातला घास खाली पडला. मी होकायंत्र बघायला गल्लीत गेलो. उत्तर दिशा जागेवरच होती. 

परत आलो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कोरियाला जा, नाहीतर कुठंही जा. त्या दिवशी तुम्ही घरात असाल का, एवढंच सांगा."

मी म्हटलं, पत्रकाराला कर्तव्य असतं.

ती म्हणाली, "तुम्हाला लढाईची भीती नाही वाटत. माझी वाटते."

हे चूक आहे. लिहून ठेवतो : साफ चूक. मी कशाला घाबरतो. फक्त तिला काही झालं तर मी काय करायचं हे कुठल्याच यादीत नाही.

मोतीबाई : उद्या नक्की.

शनिवार, २९ जुलै
मोतीबाईकडे गेलो होतो. दाराला कडी. खरं म्हणजे तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. लांबून कडी असल्यासारखं वाटलं.

उद्या सकाळी बदलापूर ते सोनिवली, चिखलातून रूट मार्च. एकट्यानं, होकायंत्रावर. दुपारच्या आत परत. येताना मोतीबाई.

रविवार, ३० जुलै. संध्याकाळ
 क्रमानं लिहितो.

सकाळी बदलापूरला उतरलो. उमा झोपली होती, उठवलं नाही. होकायंत्र सांगेल तिकडे चालत राहिलो आणि एका भाताच्या खाचरात गुडघ्यापर्यंत रुतलो. तिथं लावणी चालली होती. मी नुकतीच लावलेली रोपं तुडवत आलो होतो. शेताचे मालक दौलतराव आणि त्यांची बायको विठाबाई दोघंही कमरेत वाकलेले, तसेच माझ्याकडे बघत राहिले. बाहेर निघायला गेलो तर बूट आत राहिला आणि घोटा मुरगळला.

दौलतरावांनी बखोटीला धरून बांधावर बसवलं. विठाबाईनं पानाचा रस लावला. घरी कोण कोण, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, आत्या, आणि बायको, तिला नववा आहे. विठाबाई रोपांची मूठ खाली ठेवून म्हणाली, "मंग तुमी हितं चिखलात काय करताय?"

मी होकायंत्र खिशात टाकलं.  दौलतराव लावणी टाकून गाडी जुंपायला उठले. बैलगाडीतून त्यांनी मला स्टेशनवर आणून सोडलं. मला एकदम रडू यायला लागलं. चिखलामुळे असेल.

घरी आलो. दाराला कुलूप.  लंगडत गल्ली ओलांडली. कमळाकर दारात उभा. म्हणाला, मुलगी. दोघी ठीक.

सकाळी नऊला कळा सुरू झाल्या. लागेल ते सगळं कमळाकरच्या कॉटखाली, आणि प्रस्थानाचं सामान घरात आणायचं नाही. तेव्हा आत्यानं उमालाच गल्लीपलीकडे नेलं. माझी पिशवी उघडली गेली. रबरी चादर अंथरली. स्टोवर पाणी तापवलं. कात्री उकळली. बँडेजात बाळ गुंडाळलं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मोतीबाईनं स्वतः धरला.

मोतीबाई? मी तिला सांगितलंच नव्हतं. आत्याला विचारलं तर म्हणाली, उमानं जूनमध्येच तिला सांगून ठेवलं होतं.

पडद्यापलीकडून उमाला विचारलं, मग मला का सांगितलं होतंस? आवाज थकलेला होता, पण तिचाच. म्हणाली, "बाळंतपणात तुमचंही काहीतरी काम असावं म्हणून."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. चिखलासकट.

आत्या बाहेर आली, हात पुसले, आणि म्हणाली की प्रस्थान सुफळ झालं, ज्याला यायचं होतं तो जीव आला. प्रवास संपला. आता सामान घरी आणायला हरकत नाही.

गुरुवार, १० ऑगस्ट
सोयर फिटलं. आज उमा आणि मीनल घरी आल्या. मीनल हे नाव उमानं ठेवलं. माझ्याकडेही एक यादी होती.

पहिल्यांदा मांडीवर दिली. माझे खांदे कानांपर्यंत गेले. उमा म्हणाली, नीट धरा, बॉम्ब नाही तो. बाळ रडलं. मग आम्ही दोघंही.

साप्ताहिकात माझं नाव छापून आलं. "अंबरनाथ येथील श्री. दिनानाथ यांस कन्यारत्न झाले." कमळाकरनं पाठवलं होतं. जयदेवरावांनी या वेळी एकही शब्द कापला नाही.

शुक्रवार, ११ ऑगस्ट
किट परत आलं. लाडवांचा डबा उघडला तर आत दोन लाडू आणि चुरा. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी कमळाकरच्या घराकडे बघितलं. आत्या माझ्याकडेच बघत राहिली. निकाल असा : बाळंतिणीचे लाडू मी करायचे. आजच. ती ओट्यावरून सांगेल.

दुपारी दारात एक सिंधी बाई उभी. नळावरची तीच. आतला पत्ता कोणाकडून तरी वाचून घेऊन हेल्मेट परत करायला आली होती. घासून लख्ख केलेलं, आणि त्यात बत्तासे. बाळाला बघून गेली. जाताना माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

मग स्टो पेटवला. कढईत तूप. आत्या म्हणाली, आता डिंक सोड. सोडला. तो असा फटाफट फुटायला लागला आणि तूप असं उडालं, की मी दाराआड.

आतून उमाचं हसणं ऐकू आलं. किती महिन्यांनी.

उरलेला डिंक हेल्मेट घालून तळला.