ट्रंकेतली चार प्रगतिपुस्तकं

मंगळ., ४ फेब्रु.
गेममधली माझी खोली परत नापास. निखिल आमचा लीड, त्याने सगळ्या टीमसमोर सांगितलं की माझी खोली फर्निचरच्या दुकानासारखी दिसते. राग आला, पण खरं आहे.
या गेममध्ये माणूस दिसत नाही, बोलत नाही. खेळणाऱ्याने त्याच्या रिकाम्या खोलीत जायचं, एकेक वस्तू उचलायची, उलटीसुलटी करून बघायची आणि इथे कोण राहून गेलं ते ओळखायचं. म्हणजे सगळा भार माझ्या सामानावर. कप, छत्री, चपला, सगळं मी तीन महिने कॉम्प्युटरवर बसून बनवलेलं आणि सगळं कोरं करकरीत. आज टेस्टला आलेली मुलगी म्हणाली, इथे कोणी राहिलंय असं वाटत नाही.
डेमो २४ ला पाठवायचा. टेन्शन.

गुरु., ६ फेब्रु.
आज घरूनच काम. आप्पा जत्रेला गावी गेलेत, आई भजनाला. पलंगाखालून आप्पांची ट्रंक ओढली.
कुलूप नसतं तिला. तरी आमच्या घरात ती कोणी उघडत नाही, का ते मी कधी विचारलंही नाही. तीस-बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला पोती वाहिलेला माणूस, याच्याहून खरं सामान मला कुठे मिळणार, असं स्वतःला समजावलं.
गोणीत घालून ओढायचा लोखंडी आकडा. त्याची मूठ अंगठ्याच्या जागी एवढी झिजलीय की खळगा पडलाय. माथाडीचा पितळी बिल्ला. रेडिओचं चामडी कव्हर, आत रेडिओ नाही. सगळ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले.
तळाला अंथरलेल्या पेपरखाली चार प्रगतिपुस्तकं. वाटलं माझी. माझी नव्हती.
इयत्ता पहिली, शाळा तुर्भे: कु. मंगल दत्तात्रय.
दुसरी, तिसरी, चौथी, शाळा गावची: कु. मंगल शंकर.
जन्मतारीख चारही पुस्तकांवर तीच.
शंकर म्हणजे नाना, आप्पांचे थोरले भाऊ. मंगलताई नानांची मुलगी, माझी चुलत बहीण. उलव्याला राहते, शाळेत शिकवते, गणपतीत पाच दिवस आमच्याकडे येते.
दत्तात्रय म्हणजे आप्पा.
आई यायच्या आत सगळं होतं तसं ठेवलं. पुस्तकांचेही फोटो काढलेत. हात का थांबला नाही, माहीत नाही.

सोम., १० फेब्रु.
ट्रंक, आकडा, पुस्तकं, सगळं शनि-रवि बसून गेममध्ये बनवलं. नावं बदलली, गाव काढलं, पण बाकी सगळं तसंच: तेलाचा डाग, मुडपलेला कोपरा, वडिलांच्या नावाच्या जागी आधी एक आणि मग दुसरं नाव.
निखिलने पहिलं पुस्तक उचललं, मग दुसरं. परत पहिल्यावर गेला. मग एवढंच विचारलं की हे कुठून आणलंस. मी म्हटलं, सुचलं.
संध्याकाळी आप्पा आले. प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

बुध., १२ फेब्रु.
सहा जण टेस्टला. चौघांनी ती दोन पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवून बघितली. एक बाई डोळे पुसत उठल्या. निखिल म्हणतो सगळा डेमो आता यावरच. आकडा, बिल्ला ही नुसती वाट, मुक्काम प्रगतिपुस्तकं.
ऑफिसने केक आणला. माझा तुकडा मी शेजारच्या टेबलावर सरकवला.

गुरु., १३ फेब्रु.
आईला विचारलं. मेथी निवडत होती, हात थांबले. आप्पा खाली बाकावर पेपर वाचत बसलेले, तरी तिने आधी जाऊन दार लावलं.
तिने सांगितलं ते असं. मंगल तिची पहिली. पहिलीत असताना आईला टीबी झाला. तुर्भ्याची एवढीशी खोली, पोरीला लागण नको म्हणून तिला गावी नाना-नानींकडे ठेवली. वर्षभरासाठी. त्यांना मूल नव्हतं. आईला बरं व्हायला दीड वर्ष गेलं. न्यायला गेली तर मंगल नानीच्या मागे लपली, पुढे येईना. नाना म्हणाले, शाळेत आता माझं नाव लावलंय, राहू दे. आई तशीच एस्टीत बसून परत आली.
मग अकरा वर्षांनी मी.
मी म्हटलं, ताईला माहीत आहे? आई म्हणाली, सात वर्षांची पोर, तिला आठवत नसेल होय? पण तिने कधी विचारलं नाही, आम्ही कधी बोललो नाही. आता नाना-नानी दोघंही गेले, तरी नाही.
मग मी ट्रंकेचं आणि गेमचं सांगितलं. आई ओरडली नाही. भाजी तशीच ठेवून उठली आणि म्हणाली, "ते काढून टाक सुप्रे. ती बघायच्या आत काढून टाक."

शुक्र., १४ फेब्रु.
निखिलला खरं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, ऐकून घेतलं. मग म्हणाला, नावं बदललीत, कोण ओळखणार? मी म्हटलं, एकच जण, आणि तेच चालणार नाही. दहा दिवसांत त्या जागी दुसरं काय ठेवायचं ते त्याला सुचत नाही. मलाही नाही. खोटं ठेवलं की खोली परत दुकान होते, हे मला त्याच्याहून जास्त कळतं.
शेवटी म्हणाला, सोमवार, २४ ला दुपारी बारापर्यंत सांग. घरच्यांनी हो म्हटलं तर ठेवू, नाहीतर काढू.

शनि., १५ फेब्रु.
कंपनीच्या पेजवर पन्नास सेकंदांचा व्हिडिओ टाकला गेलाय. मार्केटिंगने परस्पर. निखिललाही माहीत नव्हतं. शेवटच्या आठ सेकंदांत ट्रंक उघडते, तळाला पुस्तकं. ऑफिसला फोन करून दुपारी काढायला लावला.
उशीर झाला होता. पावणेदोनला मंगलताईचा मेसेज: "छान झालंय गं. ट्रंक काकांची ना?"
लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी नुसतं "हो" पाठवलं. लगेच निळी टिक. पुढे काही नाही.

सोम., १७ फेब्रु.
आता आप्पांना न सांगणं शक्य नव्हतं. सकाळी चहा झाल्यावर लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. माऊस माझ्या हातात, ते सांगतील ती वस्तू मी उचलायची. आकडा बघून हसले. "उलटा टांगलाय. असा टांगला तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात जाईल." बिल्ला जवळ आणायला लावला.
मग पुस्तकं आली. पहिलं. दुसरं.
ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि मी त्यांच्या हाताकडे. हात मांडीवर, पालथा, हलत नव्हता.
म्हणाले, "कुणाला इचारून काढलंस?"
कुणालाच नाही, म्हटलं. ताईचा मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला, चप्पल घातली आणि खाली गेले. जेवायला आले, जेवले. ताटं मी उचलली.

मंगळ., १८ फेब्रु.
ताईचा फोन, तिच्या मधल्या सुट्टीत. मागे पोरांचा गलका.
ती चिडली नव्हती, त्याची जास्त भीती वाटली. मी माफी मागत होते, तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, तुर्भ्याची शाळा आठवते तिला, खिडकीतून ट्रक दिसायचे. आईने, म्हणजे माझ्या आईने, वेणीला बांधलेली हिरवी रिबीन आठवते. ते सगळं तिने केव्हाच मिटवून टाकलंय, त्याचं काही नाही.
"मला एकच सांग. पहिलीचं त्यांच्याकडे असणार, ठीक आहे. दुसरी-तिसरी-चौथीचं कसं? नाना म्हणाले होते वाळवीने खाल्ली."
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.
"विचार त्यांना," म्हणाली. घंटा झाली, तिने ठेवला.

गुरु., २० फेब्रु.
काल धीर झाला नाही. आज विचारलं. आप्पा गॅलरीत उभे होते, माझ्याकडे पाठ. त्यांनी सांगितलं ते होईल तितकं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते.
आई एकटीच परत आली, त्यानंतर दर मे महिन्यात गावी जायचे. पहिल्या वर्षी नानांकडे पुस्तक मागितलं, पोरीच्या हातचं काहीतरी जवळ असावं म्हणून. नाना म्हणाले, ने, पण तिच्याशी एक अक्षर बोलायचं न्हाई. आप्पांनी कबूल केलं. तीन वर्षं तसंच. पुस्तक घ्यायचं, पोर अंगणात खेळताना बघायची, परत यायचं.
पाचवीच्या वर्षी पुस्तक मागितलं नाही. पोर मागितली. घरात मोठं भांडण झालं. मंगल तेव्हा नानीच्या माहेरी होती, तिला यातलं काहीच कळलं नाही. नानांनी सांगितलं, पुन्हा ही गोष्ट काढलीस तर भाऊ म्हणून दारात येऊ नको.
"तवापासनं पुस्तक बंद," आप्पा म्हणाले.
आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चेहऱ्यावरून कळलं, पोरगी मागितल्याचं तिलाही आजच कळत होतं. ती आत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ चालू होता.
मी म्हटलं, ताईला फोन करून सांगू का. आप्पा म्हणाले, न्हाई. फोनवर न्हाई, आन् तू न्हाई.

शनि., २२ फेब्रु.
ताईला एवढंच कळवलं: उद्या अकराला आप्पा येतायत. उत्तर आलं: "बरं."
नुसतं "बरं". आईने तीनदा वाचायला लावलं.
गेमचं काय, ते आप्पांना विचारलं. म्हणाले, तिचं पुस्तक हाय, ती म्हनंल तसं.

रवि., २३ फेब्रु.
उलवे. ताईच्या सोसायटीत, खाली बाकावर बसून लिहितेय.
गाडीत आप्पा पुढच्या सीटवर. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय, मांडीवर पिशवी, पिशवीत चारही पुस्तकं. गेटवर वॉचमनने वहीत नाव लिहायला सांगितलं. कुणाकडे, ते लिहिलं, पुढे नातं काय असा रकाना होता. आप्पांनी पेन धरलं आणि थांबले. मग तो रकाना मोकळा सोडला.
एकटेच वर गेले. मी लिफ्टपर्यंत जात होते, हाताने थांबवलं.
आई गाडीतून उतरली, पण वर जायला तयार नाही. म्हणते, मी एकदा गेले होते न्यायला, ती आली नाही. आता ती बोलवेल तेव्हा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलीय, पर्स घट्ट धरून.
पन्नास मिनिटं झाली. निखिलचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.
मगाशी पाचव्या मजल्याच्या गॅलरीत ताई आली. खाली बघितलं. इतक्या लांबून चेहरा कळत नाही. हात केला नाही, आम्हीही केला नाही. बघून आत गेली.
आता लिफ्ट खाली येतेय, इथपर्यंत आवाज येतो. आप्पा असतील. किंवा
आई उठून उभी राहिली.