बेचाळिसावा फेरा

३ मार्च, सकाळी साडेसहा
…मग मी टबातला वेत काढून ओल्या पोत्यात गुंडाळायची, खोलीतला केर काढायची, चहा ठेवायची. हे येऊन बुटक्या स्टुलावर बसायचे आणि मान वर न करता डावा हात पुढे करायचे. त्या हातात मी वेत द्यायची. कधी वेताऐवजी कप दिला तर तोही तसाच घ्यायचे आणि पिळायला बघायचे. एकतीस वर्षांत असे दोनदा झाले. दोन्ही वेळा शर्ट मलाच धुवावा लागला.

हे आज आठवायचे कारण, काल ह्यांच्या नावाने पत्र आले. हे जाऊन साडेचार महिने झाले, ते पाठवणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? आजच्या काळातल्या हस्तकारागिरांना आधार देणारी देशभराची संस्था आहे, देणग्यांवर चालते. गेल्या वर्षी ह्यांनी फॉर्म भरला होता. म्हणजे भरला मी, सही ह्यांची. आता लिहितात, तुमची निवड झाली. आमच्या मोठ्या दालनात तुमची एक टोपली ठेवू, शेजारी भिंतीवर तुमचे नाव. काम नवीन हवे. २५ तारखेला आमच्या बाई बघायला येतील.

भिंतीवर नाव. जन्मभर लोकांनी ह्यांना नुसते ‘टोपलीवाले’ म्हटले.

खोलीत ह्यांची मोठी टोपली अर्धी पडली आहे. एक्केचाळीस फेरे झालेत, एकोणीस राहिलेत, मग वरची कड. ती मी पुरी करणार. इतकी वर्षे बघते आहे, निम्मे काम बघूनच येते, निम्मे वाचून येईल. रोज तीन फेरे. आठवड्यात काम खलास.

४ मार्च
संस्थेला उत्तर टाकले. ‘निवडीबद्दल आभारी आहे. काम चालू आहे.’ सही ह्यांची केली. यात खोटे काही नाही. काम उद्यापासून चालू होणारच आहे.

नियमही वाचले. मी चौथीपर्यंतच शिकले, पण पुढे हाती लागेल ते वाचत आले, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. बारीक अक्षराला मी भीत नाही. नियम सातवा: योजना हयात कारागिरांसाठीच आहे. यावर बराच विचार केला. टोपली अजून पुरी व्हायची आहे, म्हणजे कारागिराचे काम संपलेले नाही. असा अर्थ निघू शकतो.

६ मार्च
एक फेरा. बोटे सोलली. पण फेरा सुबक.

७ मार्च
शून्य. वेत काढून खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि तो सुकला. कुणी हात पुढे करील म्हणून उभी होते असे मुळीच नाही. पाठ धरली होती.

१० मार्च
वाचनालयातून वेतकामाचे पुस्तक आणले. चित्रे स्पष्ट आहेत. पुस्तकातला बाण जिकडे जातो, तिकडेच माझा हात जातो. म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होते. ह्यांनी जन्मात एक पुस्तक उघडले नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.
आज दोन फेरे. उद्या पाच.

११ मार्च
शून्य. पुस्तक वाचत होते.

१४ मार्च
नणंद आली. दाराशीच म्हणाली, वहिनी, बोटांना पट्ट्या कसल्या? खोलीत नेऊन दाखवले. टोपलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, खाली दादाची आहे ती टोपली, वर कुणीतरी कमरेला पट्टा आवळल्यासारखी दिसते. मी म्हटले, आकार आहे तो. ती म्हणाली, हो का, मला वाटले श्वास कोंडलाय.
तिला यातले काय कळते? तिने आयुष्यात साधी वेणी नीट घातली नाही.
जाताना मात्र तिने खालच्या फेऱ्यांवरून तळवा फिरवला आणि चपला घातल्या. मला सर्दी झाली आहे. खोलीत ओल असते.

१७ मार्च
मुलीचा फोन. सहीचे तिला सांगायला नको होते. म्हणाली, आई, बाबांच्या नावाने सही? उद्या त्यांच्या नावाने मतही देऊन येशील! मग आवाज बदलून म्हणाली की त्या बाई आल्या आणि बाबा कुठे म्हणाल्या तर काय सांगणार? मी म्हटले, बघीन. ती म्हणाली, माझ्याकडे ये थोडे दिवस. मी म्हटले, कामात आहे. ती म्हणाली, आई, ऐक ना. वेत भिजत होता, म्हणून फोन ठेवला.
तीन फेरे. रागात हात चांगला चालतो.

२२ मार्च
एकोणिसावा फेरा झाला! एकूण साठ. कड घालायला घेतली. जरा लांबून बघितले तर बेचाळिसाव्या फेऱ्यापासून पिळाचा कल उलटा दिसतो. खाली एकीकडे, वर दुसरीकडे. बराच वेळ बघितले. नक्षी वाटते. विचारले तर मुद्दाम केली म्हणायचे.

२५ मार्च
बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. नखे कापलेली, अंगठ्याला घट्टा. तो बघूनच माझे अर्धे अवसान गेले. त्यांनी विचारले, ते कुठे आहेत? म्हटले, वेत आणायला गेलेत. किती वेळ लागेल? म्हटले, सांगता येत नाही.

त्या जमिनीवर बसल्या. टोपलीच्या बुडापासून बोट फिरवत वर आल्या, डोळे मिटून. बेचाळिसाव्यावर बोट थांबले. म्हणाल्या, खालचा माणूस डावखुरा आहे. इथून वर उजवा हात लागलाय. मी म्हटले, नक्षी आहे. त्यांचे बोट तिथेच. मी म्हटले, त्यांच्या हाताला लागले होते.  त्या म्हणाल्या, ताई, बसा ना जरा.

मी चहा करायला गेले. कप पुढे करून साखर किती विचारायला तोंड उघडले आणि तारीखच बाहेर आली. अठरा ऑक्टोबर.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, नियम माझ्या हातात नाही. ती जागा आता यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, तो काचकाम करतो. मी विचारले, त्यांचे एक्केचाळीस फेरे तेवढे नाही का ठेवता येणार? नाही म्हणाल्या. नाव तरी? तेही नाही. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या, ते बरे केले.

निघताना मी विचारले, माझे फेरे कसे वाटले? त्यांनी पुन्हा एकदा वाकून बघितले. म्हणाल्या, घट्ट आहेत. फार घट्ट. त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत मला ती शाबासकी वाटत होती.

२६ मार्च
सकाळी कड सोडली. मग माझे एकोणीस फेरे उसवले. दुपार झाली. एक्केचाळिसाव्यापाशी थांबले. उसवलेला वेत बाहेर नेऊन टाकला, हात धुतले, जेवले. संस्थेला पत्र लिहिले की माझे पती अठरा ऑक्टोबरला वारले, आधीच्या पत्रावरची सही माझी होती, माफ करावे. खाली माझे नाव लिहिले. पत्र पेटीत टाकून आले.