बकुळीखालचा पाटा

अहो,

प्रिय वगैरे म्हणायची आपल्याला सवय नव्हती. हाक मारायचे तेच लिहिते आहे. आज सकाळी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायला माणसं आली आणि तुमच्या पाट्यापाशी काम अडलं. हे तुम्हांला नाही सांगायचं तर कोणाला?

आईनं लग्नात दिलेला माझा पाटा. घरात मिक्सर आला आणि तुम्ही तो उचलून बकुळीखाली मातीवर ठेवलात. म्हणालात, त्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं असाच दगड ठेवला होता. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि दगड हळूहळू खाली जातो. मी म्हटलं, "साहेबानं बायकोचा पाटा नव्हता नेला."

सगळी जीवसृष्टी कशी बदलत आली ते सांगून ज्यानं जगाशी भांडण ओढवून घेतलं, त्यानं म्हातारपणी पुस्तक लिहावं ते गांडुळांवर! याचंच तुम्हांला केवढं अप्रूप. पेणच्या शाळेतून रोह्याला घरी आलात की आधी त्यातलं पान वाचून दाखवायचात. चहा निवून जायचा. गांडुळांना सूर जाणवतात का ते बघायला त्यानं कुंडी पियानोवर ठेवली, म्हणून तुम्ही गांडुळांची कुंडी माझ्या पेटीवर ठेवलीत. माती आत गेली. काळी चार अजून घरघरते.

तुमच्या दहाव्याला कोलाडची तुमची विद्यार्थिनी आली होती. आता भातशेती करते. म्हणाली, "काकी, चिखलात गांडूळ दिसलं की अजून पाय बाजूला पडतो. सर सांगायचे ना, आपल्या आधीचा नांगऱ्या तो." ऐकायला थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

तर आज. गडबचा ब्लॉकवाला पहार घेऊन उभा. "बाय, ह्यो पाटा काढू ना? निम्मा तर गेलाय मातीत."

"हात लावलास तर तुलाच पुरीन तिथं."

"मंग ब्लॉक कोण बसवल?" म्हणून तो हसला.

अभय रात्रीची शिफ्ट करून नुकताच आला होता. चिखलात मी घसरले, म्हणून ब्लॉकचा हट्ट त्याचाच. हळूच म्हणाला, "आई, बाबा गेले. आता कशाला?"

मी म्हटलं, "गांडुळं गेलेली नाहीत."

बकुळीभोवतीची माती तशीच ठेवायला त्यानंच त्या माणसाला सांगितलं, आणि तोंड धुवायला म्हणून आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

दर वर्षी गणपती गेले की पाटा किती खाली गेला ते मोजायला तुम्ही पट्टी लावायचात. गेल्या वर्षी गुडघे वाकेनात, तेव्हा मी लावली. तुम्ही खुर्चीतून विचारत राहिलात, "किती?" मला ओरडून सांगावं लागलं. अख्ख्या आळीला आकडा कळला. या वर्षी गणपती आले, गेले. कोणी विचारलं नाही. पट्टी खुंटीलाच राहिली.

उद्या लावते. पाटा पुरता मातीत जाईपर्यंत किंवा मी जाईपर्यंत, दर वर्षी लावीन. आणि आकडा मोठ्यानं सांगीन. हळू बोललेलं तुम्हांला ऐकू येत नाही.

तुमची,
कुमुद