प्रीताची मोठी रजा आणि माझं घर

मी, श्रीमती मालिनी त्र्यंबक खानझोडे, वय एकाहत्तर, मूळची नागपूरच्या धंतोलीची, हल्ली राहणार जर्सी सिटी, न्यू जर्सी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. वकिलांनी केलेलं इंग्रजी मृत्युपत्र वेगळं आहे आणि कायद्याने तेच चालेल. त्यात कोणाला काय द्यायचं ते आहे, का द्यायचं ते नाही. ते मी इथे लिहिते. माझ्या मुलाला, शैलेंद्रला, मराठी वाचता येतं. त्याने हे आपल्या बहिणीला वाचून दाखवावं.

१. माझं राहतं दोन मजली घर माझी मुलगी प्रीता हिला एकटीला द्यावं.

प्रीता शेजारच्या गावात अग्निशमन दलात आहे. तिच्या युनियनच्या करारात दहा वर्षं सलग नोकरी झाली की काही महिन्यांची भरपगारी रजा आहे. इथल्या कायद्यात अशी रजा नाही, युनियनने ती भांडून घेतलेली. प्रीताने अर्ज केला तेव्हा वरून उत्तर आलं की मुलीच्या, आश्लेषाच्या, जन्मानंतर तिने बिनपगारी सुट्टी घेतली, तिथे तिची सेवा तुटली. म्हणजे दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. त्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि आल्या आल्या सिंकमधली भांडी घासायला लागली. खोदून विचारलं तेव्हा कळलं. मी म्हटलं, सोडू नकोस. तिचं म्हणणं, स्टेशनमध्ये ती एकटीच बाई, उगाच भांडखोर म्हणून नाव व्हायचं. शेवटी युनियनने प्रकरण लवादापुढे नेलं.

सुनावणीला मी मागच्या खुर्चीवर बसले होते. तिच्याबरोबर काम करणारा डेनिस साक्षीला आला होता. तो राखीव सैनिक, मध्ये वर्षभर इराकला जाऊन आलेला. त्याला ही रजा विनातक्रार मिळाली होती.

"मी वाळवंटात होतो तेव्हा माझी सेवा तुटली नाही," तो म्हणाला. "ही आपल्या बाळाजवळ होती, तर हिची कशी तुटली?"

समोरच्या वकिलांनी सांगितलं की सैनिकांसाठी वेगळा कायदा आहे. ते खरंच आहे. पण लवादाने करार पुन्हा वाचला आणि निकाल दिला: बिनपगारी काळ दहा वर्षांत धरायचा नाही, मात्र त्याने सेवा तुटतही नाही. तेवढे महिने वगळूनही प्रीताची दहा वर्षं केव्हाच भरली होती.

रजा मंजूर झाली. प्रीता, तिचा नवरा कुमार आणि आश्लेषा नागपूरला जाणार होते, तिकिटं काढली होती. तेवढ्यात मी बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शैलेंद्रने क्युपर्टिनोहून फोन करून चांगलं नर्सिंग होम सुचवलं, खर्चही तोच देणार होता. त्यात त्याचं काही चुकलं नाही, मीही तयार होते. प्रीताने तिकिटं कॅन्सल केली आणि बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली.

मी तिला रागावले. इतकं भांडून मिळवलेली रजा आईचं अंग पुसण्यात घालवायची नसते, झोप काढायची असते, असं म्हणाले.

"आई, आय ॲम रेस्टिंग," ती म्हणाली. "इथे सायरन नाही वाजत."

शैलेंद्र भेटायला आला तेव्हा ती मला टबमधून उचलत होती. धुरातून माणसं बाहेर काढताना धरतात तशी तिची पकड, कुठे दुखत म्हणून नाही. त्याने टॉवेल आणून दिला. जायच्या आदल्या दिवशी मी घराचं काय करू असं विचारलं, तेव्हा तो आपणहून म्हणाला की घर प्रीताचंच. त्याच्या मनात काही राहिलं असेल, तर त्याने हे वाचताना बहिणीला सरळ सांगावं. ती ऐकून घेईल.

२. बँकेतली शिल्लक दोघांना अर्धी अर्धी. ह्यांची हत्यारांची पेटी शैलेंद्रला. त्याला खिळा ठोकता येत नाही, पण लहानपणी ती पेटी उघडून तासन्‌तास बसायचा. शिवणयंत्र आश्लेषाला.

३. मंडळातल्या शोभनाताईंनी, प्रीता नोकरीला लागली तेव्हा, गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांदेखत विचारलं होतं, "इंजिनिअरिंगला नंबर नाही का लागला हिचा?" त्यांना माझं पुरणयंत्र द्यावं. ते त्यांनी मागून नेलेलं आहेच, परत मागू नये.

४. प्रीताची थोडी रजा अजून उरली आहे. मी काठी घेऊन चालायला लागले तशी तिला कामावर पाठवली, म्हणून उरली. ती माझ्या दिवसपाण्यात संपवू नये. त्यासाठी खातं वेगळी सुट्टी देतं ते चार दिवस पुरेत. उरलेली रजा घेऊन तिने नागपूरला जावं, नाहीतर घरी पडून राहावं. रजेत काय केलं हे कोणी विचारू नये.

५. अग्नी प्रीताने द्यावा. शैलेंद्रची हरकत नाही, मी विचारलं आहे. प्रीताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, माझं काम उलटं आहे."

मी म्हटलं, एकदाच.

तिने मान हलवली आहे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

मालिनी त्र्यंबक खानझोडे

साक्षीदार: सुलेखा नकुल वैरागडे, शेजारी
साक्षीदार: ऋषी बोधनकर, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू

जर्सी सिटी, १४ ऑक्टोबर २००७