वीस मिनिटांचं पाणी

ता. ६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. हिचा गुडघा आता वळतो, जिना चढते, फक्त चढताना मला बोलून घेते. तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. तुला तर पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकवत नाही, तेव्हा हे वाचशील.

पालिकेत नव्या नगराध्यक्षा रुळल्या आहेत. त्या औषधाच्या दुकानवाल्या बाई. भाऊजींची खुर्ची बदलायची नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. शिपायाची जुनी सवय मात्र जात नाही. दार उघडलं की "या साहेब" म्हणतो नि जीभ चावतो.

हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. मला लिहायचं आहे ते वेगळं.

आठ नगरसेवक त्या बाईंचे, आठ भाऊजींचे, आणि मी एकटा अपक्ष. निवडीच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे जेवायला होतो. भाऊजींनी मताचा विषय काढला नाही. ते मला धरूनच चालले होते, आणि का नाही चालणार? पालिकेत पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची नोकरी मला त्यांनीच लावून दिली होती. तू मात्र वाढता वाढता विचारलंस, "उद्या यांच्यासाठी हात वर करशील ना रे?" मी "हो" म्हणालो.

ताई, तेव्हा माझं उलट ठरलेलं होतं. मताचं पुढे लिहितो, आधी त्या "हो"ची माफी मागतो.

अकरा वर्षं तुमच्या वरच्या भागाला दोन तास पाणी आणि खालच्या वस्तीला वीस मिनिटं. व्हॉल्व्ह फिरवणारा मी, हुकूम भाऊजींचा. निवृत्त होऊन निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा वस्तीत दारोदार हेच सांगितलं, मी हुकमाचा ताबेदार होतो. लोकांना पटलं. त्यांच्या मतांवर निवडून आल्यावर भाऊजींसाठी हात कसा वर करायचा?

नऊ विरुद्ध आठ झालं. पंधरा वर्षांची सत्ता गेली. भाऊजी कागद आवरत होते. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी जवळ बोलावलं.

"माझं काय चुकलं, तेवढं सांग."

"खालच्या वस्तीचं पाणी. वीस मिनिटांचा हुकूम तुमचाच होता."

"अरे, तो त्या एका उन्हाळ्यापुरता होता! तलाव आटला होता तेव्हाचा. तसंच चालू आहे अजून?"

घरी येऊन जुनी डायरी काढली. त्यात त्यांची चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात. 'पाऊस पडेपर्यंत.' पाऊस पडला, तलाव भरला, आणि मी विचारायला गेलोच नाही. कुणी तक्रार केली की "वरून हुकूम आहे" म्हणायचो, की माणूस गप्प. खरं सांगू? तसं म्हणताना जरा रुबाब वाटायचा. माझ्या जागी आलेल्यालाही मी तेच वेळापत्रक शिकवलं.

भाऊजींनीही इतक्या वर्षांत वस्तीत येऊन विचारलं नाही, हे खरंच. पण त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

परवाच्या सभेत उभा राहून हे सगळं सांगितलं आणि कारकुनाला म्हटलं, लिहून घ्या. बाहेर वस्तीतली इस्त्रीवाली भेटली.

"आधी कळलं असतं तर तुला मत दिलं नसतं."

"बरोबर आहे."

"मग आता पाणी किती वेळ सोडणार, ते बोल."

सभेत ठरलंय, येत्या एक तारखेपासून सगळ्या भागांना सारखं, सव्वा तास. तुमच्याकडे पाऊण तास कमी होईल. मोठी टाकी आधी भरून घेत जा.

आज पुन्हा मत द्यायचं असतं तर कुणाला दिलं असतं, मला सांगता येत नाही. भाऊजींना हे वाचून दाखवू नकोस. येत्या रविवारी सकाळी मी स्वतः येऊन त्यांना सांगणार आहे. सभेत बोललो, पण त्यांच्यासमोर बोलायचं राहिलंय.

आशीर्वाद मागत नाही. दार उघडलंस तरी पुष्कळ.

तुझाच,
धाकटा